‘पोचलास का?’ या फोनामागचं दुखणं

मुलगा पुण्याहून साताऱ्याला निघाला की आईचे फोन सुरू होतात. कात्रजला एक, खंबाटकीला दुसरा. त्यानं उचलला नाही तर मित्राला. तिला कुणी आजारी म्हणत नाही. ‘जीव लावते फार’ म्हणतात. ती स्वतः डॉक्टरकडे जाते ती पित्त, मानदुखी, झोप नाही म्हणून.

आई म्हटल्यावर काळजी आलीच. पण अतिचिंतेच्या विकारात ती सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी असते. जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, अंग आखडणं, झोप बिघडणं यांपैकी किमान तीन त्रास. विषय सारखे बदलतात: परीक्षा झाली की नोकरी, नोकरी लागली की लग्न. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. थायरॉईड वाढल्यावरही लक्षणं अशीच दिसतात, तेव्हा ती तपासणी आधी करावी.

मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांची मांडणी मला सगळ्यात पटते. चिंता म्हणजे मनातल्या मनात चाललेली बडबड. तिच्या आड भीतीचं खरं चित्र समोर येत नाही, म्हणून घटकाभर बरं वाटतं. शिवाय ज्याची धास्ती घेतली ते बहुधा घडत नाही आणि श्रेय चिंतेला जातं. फोनचंही तेच. ‘पोचलो’ ऐकून जीव भांड्यात पडतो, आणि पुढच्या खेपेला फोन केल्याशिवाय राहवत नाही. घरच्यांचं ‘काही होत नाही गं’ याच खात्यात जमा होतं.

म्हणून उपचारात धीर देण्यापेक्षा अनिश्चितता सोसायचा सराव असतो. चारऐवजी तीन फोन, मग दोन. चिंतेला वेळ नेमून द्यायची: रोज ठरलेल्या जागी अर्धा तास, पलंगावर मात्र नाही. दिवसभर सुचेल ते वहीत टिपून त्या वेळेसाठी राखायचं. ऐकायला खुळचट वाटतं, पण याचा उपयोग होतो.

एसएसआरआय गटातल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, आणि बरेच जण तिथेच गोळ्या सोडतात. उलट अल्प्राझोलाम लगेच शांत करते, म्हणून ती शेजारपाजारी वाटलीही जाते. तिची सवय लागते, आणि रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात. जवळपास मनोविकारतज्ज्ञ नसेल तर सरकारी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.