हवेची तहान

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकीचा गंज घासायचा, पंप चालतो का पाहायचं, काळ्या पडलेल्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवायच्या. पहिल्यांदा पाणी सुटलं की ओल्या मुळांचा वास घरभर पसरतो.

२३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, सुरू व्हायला तेव्हा अजून दोन दिवस होते. अशा उन्हात पत्र्याची एक पेटी माणसांना तारते ती तिथल्या हवेच्या तहानेमुळे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीचा पारा २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या कूलरचा वारा २८-२९ पर्यंत उतरतो. मात्र समोरचं दार किलकिलं हवं. ओलावलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली तासाभरात चिकट होते.

हाच कूलर मुंबईला नेला की निकामी ठरतो. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ओली तापमापी २९ च्या खाली जात नाही. हवेची तहान आधीच भागलेली, त्यात कूलर आणखी पाणी ओततो. घामाचंही तसंच: तो निथळतो, पण उडत नाही. म्हणून मुंबईकराने फक्त पाऱ्याचा आकडा पाहून ‘नागपूरपेक्षा आपण बरे’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलन यंत्रणा आखली, तीही दमटपणाने कागद फुगत होता म्हणून. दमट हवेत एसी सुखावतो तो बऱ्याच अंशी पाणी काढून घेतो म्हणून. पण खोलीतली उष्णता तो गल्लीत ओततो, आणि ती सोसतो एसी नसलेला शेजारी.

आपल्या जुन्या घरांना हा भेद कळत होता. कोकणातल्या घराचं पुढचं आणि मागचं दार समोरासमोर, भोवती पडवी, वर उतरती कौलं. सगळा खटाटोप वाऱ्यासाठी. विदर्भातल्या मातीच्या घराच्या भिंती इतक्या जाड, की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि माणसं अंगणात बाजा टाकायची. राष्ट्रीय इमारत संहितेनेही देशाचे पाच हवामान विभाग पाडले आहेत. तरी रत्नागिरीत आणि चंद्रपुरात आज आपण सारखाच काँक्रीटचा स्लॅब टाकतो. तो दिवसभर तापतो आणि रात्री, शरीराला विसावा हवा असतो तेव्हाच, ती धग वरच्या मजल्यावर सोडतो.

मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णता कृती आराखडा आणला. पुढे त्यात छपरं पांढरी करण्याचीही भर पडली. पांढरं छप्पर ऊन परतवतं. नागपूर असो की मुंबई, हा उपाय दोन्हीकडे लागू पडतो, कारण त्याचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध नाही.

दिवाळीला आपण भिंती रंगवतोच. तेव्हा पाऊस संपलेला असतो, गच्ची कोरडी असते. त्याच दिवसांत गच्चीवरही पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या, आणि जवळपास कुणाच्या डोक्यावर पत्रा असेल तर थोडा चुना त्यांच्यासाठीही कालवा.