दारातली गाडी

"गाडी कशाला काढता, उभी राहू द्या की!" 2020च्या लॉकडाऊनमध्ये मीच ह्यांना म्हणाले होते. 25 मार्चपासून लासूर स्टेशनच्या आमच्या दारात गाडी उभी. मी वरची धूळ तेवढी पुसायची. मे महिन्यात एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. चावी फिरवली तर नुसतं टक टक! शेवटी कांद्याच्या पिकअपमधून तिला नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण ओट्यावर थांबलेल्या तिच्या सासूबाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला गाठलं. मी बी.ए. मराठीवाली, तरी समजलं. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक थोडी थोडी वीज पीतच असतात. बॅटरी तशीच उतरलेली राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट कडक बसतं, मग ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. मल्टिमीटरवर साधारण 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली. 12च्या खाली गेली की संपलीच समजा.

आता आठवड्यातून एकदा मी स्वतः गंगापूर रस्त्याला अर्धा तास चक्कर मारते. जागेवर पाच मिनिटं इंजिन घुरघुरवून भागत नाही बरं का, स्टार्टरनं खाल्लेलंसुद्धा धड भरून निघत नाही. महिनाभर गावाला जायचं असेल तर 10 नंबरच्या पान्यानं काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. चावी मात्र गाडीत नको, हातातच! परत आल्यावर घड्याळ लावावं लागतं, एवढंच.

ह्यांना तो पाना अजून सापडत नाही. माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी असतो.