शांत पडलेला पेशंटही तपासा

‘बाबा काल रात्रीपासून काहीतरीच बोलताहेत. मला ओळखलं नाही, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणाले.’ घरात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला पेशंट असला की असा फोन बरेचदा करावा लागतो. पलीकडचा म्हणतो, वय झालं, आजार मोठा, असं व्हायचंच. जुन्या पिढीतलं कुणी बसलेलं असेल, तर ‘वात झालाय, आता वेळ जवळ आली’ असा निकालही लागून जातो. कधी तो खरा ठरतो. पण कधी कारण एवढंच असतं की आठवडाभर पोट साफ झालेलं नाही, लघवी तुंबली आहे किंवा परवा औषध बदललं आहे.

वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. मेंदूचं काम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बिघडतं, लक्ष टिकत नाही, आणि हे सगळं दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिलिरियम अचानक येतो. सकाळी बाबा चहा पिताना व्यवस्थित बोलतात आणि दिवेलागणीला कपाटातल्या माणसाला हाका मारतात. राउंड सकाळची असेल, तर डॉक्टरांना काहीच वावगं दिसत नाही.

पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, विभागात दाखल होतानाच १३ ते ४२ टक्के पेशंटमध्ये डिलिरियम आढळतो, असं जगभरच्या अभ्यासांच्या २०१३ मधल्या आढाव्यात दिसलं. अगदी अखेरच्या काळात हे प्रमाण ८८ टक्क्यांपर्यंत जातं. मात्र २००० साली कॅनडातल्या एडमंटनमधून आलेला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅन्सर खूप पुढे गेलेल्या पेशंटमध्येही डिलिरियमच्या जवळपास निम्म्या प्रसंगांतून मागे फिरता आलं होतं. म्हणजे ‘आता काय तपासायचं’ हे वाक्य निम्म्या वेळा चुकीचं.

आरडाओरडा करणारा, सलाईनची नळी ओढणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गुपचूप पडून राहणारा, विचारलं तर उशिरा ‘हं’ म्हणणारा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘आज जरा शांत आहेत, झोप लागली बिचाऱ्यांना’ असं म्हणून घरचेही सुस्कारा सोडतात. पॅलिएटिव्ह सेवेत हा मुका डिलिरियमच जास्त, आणि नैराश्य किंवा थकवा समजून सोडून दिला जाणाराही तोच.

तो पकडायला यंत्र लागत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल कॅन्सर केंद्रातून १९९७ मध्ये दहा मुद्द्यांची मोजपट्टी आली, ती तज्ज्ञांच्या कामाची. एडिनबरामध्ये तयार झालेली ‘फोर-ए-टी’ दोन मिनिटांत होते: पेशंट जागा आणि सावध आहे का, वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल सांगतो का, वर्षाचे महिने उलटे म्हणतो का, आणि बदल अचानक झाला का. बारापैकी चार किंवा जास्त गुण आले, तर डिलिरियम असण्याची शक्यता धरायची.

आता हे मुळशीच्या किंवा वेल्ह्याच्या आजींना विचारून पाहा. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. शाळेत न गेलेल्या आजींकडे तर तीही नाही. जन्मतारीख सांगता आली नाही म्हणून चूक धरून गुण द्यायचे का? डिसेंबर, नोव्हेंबर जमत नसेल, तर फाल्गुन, माघ, पौष विचारावं. तेही नको असेल तर वार: रविवार, शनिवार, शुक्रवार… प्रश्न असा बदलला की गुणांचा हिशेब जसाच्या तसा धरता येत नाही, पण हवं ते कळतं. आजी शुक्रवारपर्यंत येतात, थांबतात, खिडकीकडे बघतात आणि मग ‘दूध उतू गेलं का गं?’ विचारतात. लक्ष सुटलं ते इथे. त्यावर सुनेला एकच प्रश्न विचारायचा: एरवी त्यांना हे जमलं असतं का? सून म्हणाली, ‘परवा तर सगळ्या वाणसामानाचा हिशेब सांगितला त्यांनी,’ की चित्र स्पष्ट होतं.

घरच्या माणसाची साक्ष कोणत्याही मोजपट्टीइतकीच मोलाची, असं माझं मत आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटना विनामूल्य सेवा देतं, घरी जाऊनही. तिथल्या कामात कुटुंबाला शिकवणं हा मोठा भाग आहे, आणि तो असायलाच हवा. नर्स दिवसातून थोडा वेळ पाहते. रात्री अडीचला जागी असते ती मुलगी किंवा बायको.

नाव ठरलं की कारण शोधायचं. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, जंतुसंसर्ग, रक्तात कॅल्शियम वाढणं किंवा सोडियम घटणं, मूत्रपिंड थकल्यामुळे साठत गेलेलं मॉर्फिन, स्टेरॉइड, अचानक थांबलेली दारू. चष्मा कपाटात आणि श्रवणयंत्र डबीत राहिल्यानेही गोंधळ वाढतो. मॉर्फिनचा संशय आला तरी ते आपल्या मनाने बंद करू नका. दुखणं उफाळलं की गोंधळ आणखी वाढेल. झोप नाही म्हणून झोपेची अर्धी गोळी देण्याची आपल्याकडची सवयही इथे घातक, काही गोळ्यांनी डिलिरियम भडकतो. डॉक्टरांकडची औषधंही जादूची नाहीत. ऑस्ट्रेलियात २४७ पॅलिएटिव्ह पेशंटवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन घेणाऱ्यांची लक्षणं औषध नसलेलं नुसतं द्रावण (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा जास्त राहिली. म्हणून आधी कारण, उजेड, ओळखीचा आवाज. औषध खरोखर त्रास किंवा धोका असेल तेव्हा.

गेलेली आई दिसली, ‘न्यायला आलेत’ म्हणाले, एवढ्यावरून डिलिरियम ठरत नाही. माणूस शांत असेल, तुमच्याशी नीट बोलत असेल, तर वाद घालू नका आणि घाबरूही नका. अगदी शेवटच्या दिवसांत उगाच सुया टोचून कारणं शोधत बसू नये, हेही तितकंच खरं. तिथे त्रास कमी करणं एवढंच काम उरतं.

पेशंट बरा झाल्यावर त्याला काही आठवत नाही, हाही गैरसमज. न्यूयॉर्कमधल्या २००२ च्या अभ्यासात सावरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तो अनुभव आठवत होता, आणि सर्वांत जास्त त्रास झाला होता तो पती किंवा पत्नीला.

तेव्हा फोन करताना ‘बाबा बडबडताहेत’ एवढ्यावर थांबू नका. बदल कधी सुरू झाला, तीन-चार दिवसांत कोणतं औषध नवं आलं किंवा बंद झालं, शौचाला आणि लघवीला शेवटचं कधी झालं, हे कागदावर लिहून मग नंबर फिरवा. आणि ते नुसते गप्प पडून असतील, तरीही फिरवा.