माणशी तीस पौंड
‘गुलामीची वही’ : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कोठ्यांपर्यंत आलो होतो. माणसं आणायची, कोंडायची आणि जहाज लागलं की मोजून द्यायची, असा तिथला व्यवहार. आफ्रिकेच्या सगळ्या किनाऱ्यांवरून मिळून साधारण सव्वा कोटी माणसं अटलांटिकपार नेली गेली आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. एवढा मोठा आकडा वाचला की डोळ्यांपुढे एकही चेहरा उभा राहत नाही. म्हणून आज एकाच जहाजावर थांबू. त्याचं प्रकरण कोर्टात गेलं, त्यामुळे त्याचा तपशील उरला.

जहाज मूळचं डच. नाव ‘झोर्ग’. डच भाषेत या शब्दाचा अर्थ काळजी, जपणूक. फेब्रुवारी १७८१ मध्ये इंग्रजांनी ते पकडलं, तेव्हा त्याच्या पोटात २४४ आफ्रिकी माणसं होती. लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम ग्रेगसन आणि त्याच्या भागीदारांसाठी ते आतल्या माणसांसकट विकत घेतलं गेलं. नाव नव्याने रंगवताना अक्षर चुकलं आणि झोर्गचं ‘झाँग’ झालं. कप्तान म्हणून नेमलेला ल्यूक कॉलिंगवुड हा खरं तर जहाजावरचा डॉक्टर. त्याआधी त्याने एकाही जहाजाची कप्तानी केली नव्हती. १८ ऑगस्टला झाँगने अक्रा सोडलं, तेव्हा त्यावर ४४२ बंदी होते. एवढ्या जहाजात सहसा याच्या निम्मीही माणसं भरत नसत.

आत दाटी किती असायची, याची कल्पना ‘ब्रुक्स’ नावाच्या दुसऱ्या एका जहाजाच्या आराखड्यावरून येते. गुलामीविरोधी कार्यकर्त्यांनी तो १७८८ मध्ये छापून वाटला होता. त्यात पुरुषाला झोपायला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा आहे. सोळा इंच म्हणजे पुरत्या दोन वितीही नाहीत. एवढ्या जागेत, शेजाऱ्याच्या पायाला पाय जखडलेला, आणि हे आठवडेच्या आठवडे.

नोव्हेंबरच्या अखेरीस झाँगला जमैका दिसलं, पण खलाशांना वाटलं ही फ्रेंचांची सेंट डॉमिंग वसाहत. जहाज पुढे निघून गेलं. चूक कळेपर्यंत उलट फिरायला कित्येक दिवस लागतील इतकं अंतर पडलं होतं. तोवर रोगराईने साठाहून अधिक बंदी मेले होते. २९ नोव्हेंबरला खलाशांची बैठक झाली. पाणी पुरणार नाही, म्हणून काही गुलाम समुद्रात टाकावेत, असा विषय निघाला. ठरलं. त्याच दिवशी ५४ बायका आणि मुलं केबिनच्या खिडक्यांमधून पाण्यात ढकलली गेली. १ डिसेंबरला ४२ पुरुष. पुढच्या दिवसांत आणखी ३६. हे पाहत असलेल्या दहा जणांनी स्वतःहून उड्या टाकल्या. एक माणूस मात्र पाण्यात लोंबणाऱ्या दोराला धरून, कोणाच्या लक्षात न येता पुन्हा वर चढून आला. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

शेवटच्या तुकडीला टाकण्याआधी पाऊस पडला होता. २२ डिसेंबरला जहाज जमैकातल्या ब्लॅक रिव्हर बंदरात पोचलं, तेव्हा २०८ माणसं जिवंत होती आणि पिंपांत ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर.

मग टाकलं का? त्याचं उत्तर विम्याच्या कागदात आहे आणि या लेखमालेत मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या कागदाशी येऊन थांबतं. प्रत्येक गुलामाचा विमा तीस पौंडांचा होता. गुलाम रोगाने मेला तर ते नैसर्गिक मरण धरायचं आणि नुकसान मालकाचं. पण जहाज आणि उरलेला माल वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला तर त्याची भरपाई विमावाल्यांनी द्यायची, असा सागरी व्यापाराचा जुना दंडक. आजारी माणूस जमैकाच्या बाजारात फारसा विकला जात नसे. तो जहाजावर मेला तर शून्य, पाण्यात टाकला तर तीस पौंड. ज्या वहीत माणूस माल म्हणून लिहिला जातो, त्या वहीत ही बेरीज बिनचूक ठरते.

ग्रेगसनने भरपाई मागितली, विमावाल्यांनी नाकारली, आणि १७८३ मध्ये लंडनला दावा उभा राहिला. मार्चमध्ये ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. मे महिन्यात विमावाल्यांच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे सुनावणी झाली. कायद्याच्या नजरेने हे घोडे समुद्रात टाकल्यासारखंच आहे, असं त्यांनीच बोलून दाखवलं होतं. पावसाची गोष्ट पुढे आल्यावर फेरसुनावणीचा हुकूम झाला. ती झाल्याची नोंद सापडत नाही. जहाजाची रोजनिशी आधीच गहाळ झाली होती आणि कॉलिंगवुड जमैकात पोचल्यावर तीनच दिवसांत मेला होता. एके काळी स्वतः गुलाम असलेला ओलाउडा इक्वियानो ही बातमी घेऊन ग्रॅनव्हिल शार्प या गुलामीविरोधी कार्यकर्त्याच्या घरी गेला, शार्पने खुनाचे खटले भरावेत म्हणून धडपड केली, पण एकाही खलाशावर खुनाचा खटला चालला नाही. सगळा वाद शेवटपर्यंत एवढाच राहिला की पैसे कोणी द्यायचे.

तरी या प्रकरणाने इंग्लंडात माणसं हलली. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली, १८३३ मध्ये गुलामी रद्द करणारा कायदा झाला. त्या वेळी दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली आणि ती सगळी मालकांना मिळाली. राबणाऱ्याच्या हातावर एक पेनीही पडली नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता, म्हणून हिंदुस्थानात गुलामीला कायद्याचा आधार काढून घ्यायला १८४३ उजाडावं लागलं. आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी करारावर बांधलेले हिंदी मजूर १८३४ पासूनच उतरू लागले. त्यांत पुढे आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांच्यावर स्वतंत्र लेखांक येईल.

आज माणसाच्या नावावर विमा उतरवून त्याला विकत नाहीत. पण वही आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार पाच कोटी माणसं आजच्या काळातल्या गुलामीत आहेत आणि त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत. साखळदंडाचं काम आता बहुतेक ठिकाणी कर्ज करतं. म्यानमारच्या म्यावाडी भागातले सायबर फसवणुकीचे अड्डे पाहा. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून मुलांना नेतात, सीमेपलीकडे पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र लोकांना फसवायला बसवतात. काम जमलं नाही तर मार, सुटायचं तर पैसे भरा, नाही तर दुसऱ्या टोळीला विकू. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. त्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती.

आणि घराजवळ? २०२२ मध्ये नाशिक-नगर भागात कातकरी मुलांना मेंढ्या राखायला देऊन टाकल्याची प्रकरणं उघडी पडली. एका लेकराच्या बदल्यात घरच्यांना मिळालेली किंमत म्हणजे एखादी मेंढी आणि थोडे पैसे. त्यांतल्या एका मुलीचा जीव गेल्यावर बाकीच्यांचा शोध सुरू झाला.

ऊसतोडीचं नाव इथे घेताना मी जपून घेतो. ऊसतोड कामगार गुलाम नाही, त्याची संघटना आहे, तो संप करतो आणि जिंकतोही. पण त्या धंद्याची भाषा ऐका. मुकादम किती ‘कोयते’ लागतील असं विचारतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं मिळून एक हत्यार. हंगामाआधी उचल घेतलेली, ती उसाच्या टनांतून फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना बाईने खाडा करायचा कसा? बीड जिल्ह्यात राज्य सरकारच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेला आकडा असा : तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्यापायी झाल्या असं नाही. डॉक्टरांनी घातलेली भीती आहे, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत. पण या बायका जेव्हा सांगतात की पिशवीची कटकट गेली म्हणजे खाडा पडत नाही, तेव्हा शरीराचा हिशेब कोणाच्या वहीत मांडला जातोय ते कळतं. मला हे वाक्य ऐकल्यापासून साखरेचा डबा उघडताना ते आठवतं.

वेठबिगारीविरुद्धचा आपला १९७६ चा कायदा याच वहीवर घाव घालतो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. त्या कायद्याने वेठबिगारीत अडकवणारं कर्ज आपोआप रद्द होतं, ते फेडण्याचं बंधनच उरत नाही. कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. तुमच्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, फडावर किंवा बांधकामावर एखाद्या कुटुंबाला उचल फिटेपर्यंत हलू दिलं जात नसेल, एखादं पोर शाळेच्या वयात दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे फिरत असेल, तर तहसीलदाराला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. ‘त्यांनी पैसे घेतलेत’ असं उत्तर मिळालं, तर ते ऐकून परत फिरू नका.