शेवाळाने धरलेला धातू

कानपूरच्या जाजमऊ भागात गंगेकाठी चामडं कमावणाऱ्या शेकडो टॅनऱ्या आहेत. केस काढलेलं कातडं मोठ्या ढोलात, क्रोमियम सल्फेटच्या पाण्यात तासन्‌तास फिरतं आणि निळसर होऊन बाहेर येतं. प्रचलित पद्धतीत ३० ते ४० टक्के क्रोमियम कातडं घेतच नाही; ते सांडपाण्यात उतरतं. सेंद्रिय घाण जिवाणू फस्त करतात, पण धातू ना कुजतो, ना जळून जातो. तो पाण्यात राहतो किंवा गाळात बसतो.

प्रमाण जास्त असेल, तर चुना घालून त्याचा साका करता येतो. पंचाईत होते ती लिटरमागे उरलेल्या थोड्या मिलिग्रॅमची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त क्रोमियम चालत नाही. हा उरलासुरला धातू टिपायला सूक्ष्मशैवाल उपयोगी पडतं.

क्लोरेला ही त्यातली एकपेशीय हिरवी जात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. तिच्या पेशीभित्तिकेवरच्या कार्बोक्झिल, फॉस्फेट अशा गटांवर ऋण भार असतो. शिसं, कॅडमियम, तांबं यांचे धनभारित आयन त्यांना काही मिनिटांत चिकटतात. त्यासाठी पेशी जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवलेली भुकटी चालते. जिवंत पेशी थोडा धातू आतही ओढते आणि फायटोकेलॅटिन नावाच्या पेप्टाइडांनी जखडून टाकते, कारण मोकळा धातू तिलाही विषच. पाणी फार आम्लधर्मी असलं, की हायड्रोजनचे आयन भित्तिकेवरच्या जागा बळकावतात. त्याचाच फायदा घेऊन, भरलेली भुकटी आम्लाने धुऊन धातू सोडवता येतो.

अडचण आहे ती एवढ्या बारीक पेशी पाण्यातून परत काढण्याची. अमेरिकेत १९८०च्या दशकाअखेरीस ‘अल्गासॉर्ब’ या पद्धतीत मृत शेवाळ सिलिका जेलमध्ये बसवून नळकांड्यांत भरलं आणि पाऱ्याने दूषित भूजल त्यातून सोडून पाहिलं. पाणी पुढे जातं, शेवाळ जागेवर राहतं. तेच शेवाळ नदीत मोकळं सोडलं, तर सूक्ष्म प्राणी ते खातील, त्यांना मासे, आणि धातू आपल्या ताटात येईल.

म्हणून शेवाळाची जागा नदीत नाही, कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी आहे. ‘शेवाळाने नदी स्वच्छ करू’ अशी योजना कानावर आली, तर दोनच प्रश्न विचारावेत: धातूने भरलेलं शेवाळ बाहेर कोण काढणार, आणि ते टाकणार कुठे?