डर्बनबाहेर अडलेले जहाज

दडपशाही करणाऱ्या सरकारकडे निघालेली शस्त्रे सामान्य माणसे अडवू शकतात, असे म्हटले की ऐकणाऱ्याला ते भाबडे वाटते, नाहीतर डोळ्यांपुढे फक्त मोर्चे आणि घोषणा येतात. प्रत्यक्षात हे काम कसे चालते, ते 'आन युए च्यांग' या चिनी जहाजाच्या प्रकरणात स्वच्छ दिसते.

साल 2008. झिम्बाब्वेत 29 मार्चला मतदान झाले, पण अध्यक्षपदाचा निकाल काही केल्या जाहीर होईना. सत्तेवरचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे मागे पडल्याची चर्चा होती आणि खेड्यांतून विरोधी पक्षाच्या मतदारांना मारहाण सुरू झाली होती. नेमक्या त्याच वेळी, एप्रिलच्या मध्याला, हे जहाज दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराबाहेर नांगर टाकून उभे राहिले. झिम्बाब्वेला समुद्रकिनाराच नाही. त्यामुळे माल डर्बनला उतरवायचा आणि तिथून जमिनीवरून पुढे न्यायचा, असा बेत होता.

अशी शस्त्रे चोरून जातात, हा पहिला समज

काही जातातही. ही मात्र रीतसर निघाली होती. मालाची यादी 'नोजवीक' या दक्षिण आफ्रिकी मासिकाच्या हाती लागली, तेव्हा लोकांना कळले: बंदुकीच्या सुमारे 30 लाख गोळ्या, 1,500 आरपीजी (खांद्यावरून डागायचे रॉकेट-ग्रेनेड), मॉर्टरचे 3,000 च्या आसपास गोळे; एकूण 77 टन. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, सगळे कागदावर. मालाला आपल्या हद्दीतून जाऊ देण्याचा परवाना दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी समितीने दिलेलाही होता. दोन देशांतला कायदेशीर व्यवहार आपण कसा रोखणार, असे सरकारचे म्हणणे पडले. चीननेही हा नेहमीचाच व्यापार असल्याचे सांगितले. करार आदल्या वर्षीचा, निवडणुकीशी त्याचा संबंध नाही.

संयुक्त राष्ट्रांची बंदी असेलच, असेही अनेकांना वाटते. ती नव्हती. त्या जुलैमध्ये तसा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा रशिया आणि चीनने तो नकाराधिकार वापरून पाडला.

कोर्टाने जहाज रोखले, हा दुसरा समज

तो अर्धाच खरा. सगळ्यात आधी नाही म्हणाले ते गोदी कामगार. 'सटावू' या वाहतूक कामगारांच्या संघटनेने जाहीर केले की आमची माणसे हा माल उतरवणार नाहीत आणि आमचे चालक तो पुढे नेणार नाहीत. मला या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सरकार परवानगी देऊ शकते, पण क्रेन चालवायला शेवटी माणूसच लागतो.

मग क्वाझुलु-नातालचे अँग्लिकन बिशप रुबिन फिलिप आणि त्यांचे सहकारी उच्च न्यायालयात गेले. त्यांनी न्यायाधीशांपुढे मानवतेवर भाषण केले नाही, 2002 चा शस्त्रनियंत्रण कायदा ठेवला. मानवी हक्क पद्धतशीरपणे पायदळी तुडवणाऱ्या सरकारला शस्त्रे जाऊ नयेत, हा निकष समितीने परवाना देताना पाळावा, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. 18 एप्रिलला परवाना स्थगित झाला. आदेश जहाजावर बजावण्याआधीच त्याने नांगर उचलला होता.

पुढचे काम शेजाऱ्यांनी केले. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने बंदराबंदरांतल्या संघटनांना सावध केले. हे जहाज कोणी आत घेऊ नये, असे झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा उघडपणे बोलले. अंगोलाने लुआंडाला फक्त स्वतःचा माल उतरवू दिला, शस्त्रे नाहीत. 24 एप्रिलला चीनने सांगितले, कंपनी माल परत आणते आहे.

सरकारने बंदी जाहीर केली की संपले, हा तिसरा समज

याचे उत्तर आपल्या शेजारच्याच इतिहासात आहे. 1971 मध्ये पूर्व बंगालमध्ये कत्तल चालू असताना अमेरिकेने पाकिस्तानला नवे परवाने देणे थांबवले. पण आधीच दिलेल्या परवान्यांवर माल जातच होता, हे जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले. जुलैत बाल्टिमोरला क्वेकर पंथाच्या लोकांनी आणि त्यांच्या मित्रांनी वल्ह्यांच्या होड्या 'पद्मा' या अजस्र पाकिस्तानी मालवाहू जहाजाच्या आडव्या घातल्या आणि अटक करून घेतली. पुढे फिलाडेल्फियात गोदी कामगारच त्यांच्या बाजूला आले. उरलेले परवाने नोव्हेंबरात रद्द झाले, म्हणजे भारत-पाक युद्ध पेटायला महिनाही उरला नव्हता तेव्हा.

इथे अडवले तर तिथून जाईल

या आक्षेपात तथ्य आहे, तो झटकून टाकू नये. डर्बननंतर झिम्बाब्वेतली हिंसा थांबली नाही. मारहाण, जाळपोळ इतकी वाढली की अध्यक्षपदाच्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीच्या पाच दिवस आधी, 22 जूनला, मुगाबेंचे विरोधी उमेदवार मॉर्गन त्स्वांगिराई यांनी माघार घेतली. त्या हिंसेला मॉर्टर लागत नव्हते, काठ्या पुरत होत्या. पण माल दुसरीकडून येतो तेव्हा उशिरा येतो, महाग पडतो आणि चार लोकांच्या नजरेत येतो. अडवणाऱ्यांनी यापेक्षा मोठा दावा करू नये.

आता आपल्याकडचे पाहू. आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करार 2013 मध्ये संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला; आपण अजूनही त्यात नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीय बंदर कामगारांच्या एका महासंघाने इस्रायलला जाणारी शस्त्रे हाताळणार नाही, असे जाहीर केले. त्याच निर्यातीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, ती सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने 9 सप्टेंबर 2024 रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हा आमचा प्रांत नाही, असे न्यायालय म्हणाले. डर्बनला प्रश्न एवढाच होता की परवाना कायद्याच्या निकषांत बसतो का. दिल्लीत तो देशाच्या धोरणाचा झाला.