तिथीची पाऊणपट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर नावाच्या परगण्यात, अटलांटिक महासागराला सामोरी अशी १४ किलोमीटर लांबीची कड्यांची एक रांग उभी आहे. 'मोहेरचे कडे' या नावाने ती विख्यात असून तिची उंची काही ठिकाणी २१४ मीटरपर्यंत जाते, आणि एरव्ही गुरांच्या कुरणांनी व दगडी गडग्यांनी व्यापलेल्या त्या निवांत ग्रामीण मुलखात केवळ तिच्या दर्शनासाठी वर्षाकाठी पंधरा लाखांच्या आसपास माणसे येऊन जातात. नोकरीनिमित्त त्या देशी राहणारी माझी पुतणी कार्तिकात सुट्टीवर खोताच्या वाडीत आली, तेव्हा तिने मोठ्या हौसेने केलेल्या त्या सहलीचा वृत्तांत सांगितला. परंतु त्या वृत्तांतात कडे थोडे आणि माणसेच फार होती. दुपारी बाराला ती तेथे पोहोचली, गाड्यांच्या तळापासून कठड्यापर्यंत रांगेने चालली, पुढच्या माणसांच्या खांद्यांवरून समुद्र पाहिला आणि परत फिरली. "काका, एवढ्या गर्दीत निसर्ग कसा दिसणार?" असे तिने मला विचारले. प्रश्न क्लेअर परगण्याविषयीचा होता. पण जन्मभर गिरगावात राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचे उत्तर आपल्या उंबरठ्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर शोधणे भाग होते.

गर्दी पाहायला येते म्हणजे काय होते, हे आमच्या वाडीलाही ठाऊक आहे. खोत म्हणजे सरकारात महसुलाचा भरणा करणारा वतनदार. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी, त्यांच्याकडून जमिनीचे तुकडे विकत घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे जी लाकडी जिन्यांची, पुढे ओटा आणि वर सज्जा असलेली कौलारू घरे बांधली, त्यांच्यामुळे प्रसिद्धीस आली. त्यांतली आज निम्म्याहूनही कमी घरे उरली आहेत, आणि जी उरली त्यांच्या समोर रविवारी सकाळी छायाचित्रकारांची रीघ लागते. त्यांच्यावर माझा राग नाही. मात्र ओट्यावर दुपारी वाळत घातलेले बोंबील, नाताळच्या आधी घराघरांतून येणारा वास, आणि दोन घरांमधल्या हातभर बोळातून संध्याकाळी येणारी खारट वाऱ्याची झुळूक या गोष्टी त्यांच्या छायाचित्रांत येत नाहीत. ती झुळूक मात्र आम्हांला सांगते, की रेल्वेचे रूळ आणि रस्त्याचा प्रचंड बंदोबस्त मध्ये असला, तरी समुद्र जवळच आहे.

गिरगाव म्हणजे गिरीच्या पायथ्याचे गाव. हा गिरी म्हणजे मलबार हिल. त्या टेकडीच्या कुशीत वाळूची जी अर्धवर्तुळाकार पुळण आहे, तिला चौपाटी हे नाव चार पाट, म्हणजे चार ओहोळ, यांवरून पडले अशी एक व्युत्पत्ती सांगतात, आणि तिच्या पुष्ट्यर्थ पालघरकडच्या सातपाटीचा दाखला देतात. टेकडीचा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या त्या अग्निरसाने आपला महाराष्ट्र घडवला. वरळीच्या टेकडीत त्या थरांच्या मध्ये साचलेल्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत, आणि अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत तोच लाव्हा थिजताना तडकून उभ्या खांबांसारखा झाला आहे. पुतणीला हे सांगताच तिला उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरचा 'जायंट्स कॉजवे' आठवला. तेथेही असेच सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेले आहेत, त्यांचे वयही सहा कोटी वर्षांच्या आगेमागे आहे, आणि ते एका राक्षसी वीराने समुद्र ओलांडण्यासाठी रचले अशी तिकडची लोककथा आहे. मोहेरचे कडे याहून कितीतरी वयोवृद्ध, बत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका नदीने आणलेल्या वाळूचे आणि चिखलाचे.

आमच्या पुळणीचा मात्र गेल्या दीडशे वर्षांत फार संकोच झाला. पूर्वी बॅक बेचे पाणी आजच्या महर्षी कर्वे रस्त्याच्या अंगाला येऊन भिडत असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा हा उपसागर बुजवून जमीन विकण्यासाठी कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांचे भाव आकाशाला भिडले, आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. पुढे त्याच काठाने रेल्वे आली, विसाव्या शतकात भराव घालून मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला, आणि दक्षिणेकडचा सारा किनारा दगडी बांधाच्या स्वाधीन होऊन वाळूचा एवढाच तुकडा मोकळा राहिला. आता तर गिरगावच्या बाजूने प्रियदर्शिनी पार्कपर्यंत समुद्राच्या आणि टेकडीच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरांचे दोन बोगदे गेले असून २०२४ सालापासून त्यांतून मोटारी धावू लागल्या आहेत. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांची चाहूलही लागत नाही.

या तुकड्यावर मराठी माणसाचा जीव का जडला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्यांचे देहावसान झाले. मुंबईत दहन सोनापुरात व्हावयाचे, हा शिरस्ता. परंतु त्या दिवशी लोटलेला जनसमुदाय सोनापुरात मावणे अशक्य होते, म्हणून खास परवानगीने लोकमान्यांचा देह याच वाळूवर, भर पावसात, अग्नीच्या स्वाधीन करण्यात आला. ज्या 'होमरूल' शब्दाने त्यांनी १९१६ साली आपला संघ उभारला, तो शब्द मुळात आयर्लंडच्या स्वराज्याच्या चळवळीतून आपल्याकडे आला होता, ही गोष्ट त्या संध्याकाळी वाळूवर उभ्या असलेल्या कित्येकांना ठाऊक असेल. माझी पुतणी ज्या देशात राहते त्याचे आणि या पुळणीचे नाते इतके जुने आहे. पुढे दहा वर्षांनी, मिठाच्या सत्याग्रहात, अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या स्त्रियांनी याच समुद्राचे पाणी आटवून सरकारचा कायदा मोडला. म्हणून चौपाटीवरच्या गर्दीला मी निसर्गाचा शत्रू मानू शकत नाही. ज्या दिवसांमुळे हे स्थळ आमच्या मनात पवित्र झाले, ते गर्दीचेच दिवस होते.

तथापि पुतणीचा प्रश्न खरा होता. रविवारच्या संध्याकाळी भेळ, कुल्फी, फुगे, घोड्यांच्या आकाराचे पाळणे आणि हजारो पावले यांच्यामध्ये समुद्र हा केवळ एक पडदा होऊन राहतो, आणि येणारा माणूस 'चौपाटीवर गेलो होतो' असे म्हणतो, 'समुद्रावर गेलो होतो' असे म्हणत नाही. याचे कारण, माझ्या मते, गर्दीच्या संख्येत नाही. माणसे शहराच्या वेळेने येतात, म्हणजे कचेरी सुटली की, सुट्टी लागली की, ऊन उतरले की. किनारा मात्र चंद्राच्या वेळेने वागतो. या दोन वेळांचा मेळ बसला तर बसला. बहुतेकांना तो साधत नाही, कारण दुसरी वेळ कशी ओळखावी हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मला ते आजोबांनी सांगितले. ते रत्नागिरीकडच्या एका बंदरगावचे. त्यांच्या तोंडी ओहोटीला 'सुकती' हा शब्द होता, आणि त्यांचे गणित दर्यावर्दी लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते: तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात वाजता. आणि अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अर्थात बाराच्या अलीकडे. भरतीपासून सहा तासांनी सुकती. यात जादू काही नाही. पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्याच्या ओढीने येणारे पाणीही तेवढेच मागे पडत जाते, आणि पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, म्हणून त्या सुमारास उधाण येते: पाणी फार चढते आणि तितकेच फार मागे हटते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडून पाणी मवाळ होते. अशा मवाळ भरतीला भांगाची भरती म्हणतात. पाच-दहा मिनिटांचा, कधी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक या गणितात पडतो. परंतु भिंतीवर दिनदर्शिका असलेल्या कोणत्याही घरात समुद्राचे वेळापत्रक लटकलेले असते, हे आजोबांमुळे मला लहानपणीच कळले.

अनंत चतुर्दशीचे उदाहरण घ्यावे. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती बसला, आणि तेव्हापासून विसर्जनाची वाट या पुळणीकडे आली. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा. म्हणजे दुपारी साडेचार-पाचला पाणी सर्वांत मागे, वाळू सर्वांत रुंद, आणि रात्री साडेदहाला उधाणाची भरती. दिवसभर लोटणाऱ्या माणसांना उभे राहायला समुद्र स्वतःच जागा करून देतो. परंतु मिरवणूक रात्रभर लांबली, की चतुर्दशी संपून पौर्णिमा लागते. २०२५ साली नेमके तेच झाले: लालबागचा राजा ७ सप्टेंबरच्या सकाळी चौपाटीवर पोहोचला, त्या दिवशी पौर्णिमा होती, दुपारी बाराच्या भरतीचे पाणी चढू लागले होते, आणि लक्षावधी भक्तांच्या डोळ्यांदेखत ती मूर्ती तासन्‌तास खोळंबून अखेर रात्री विसर्जित झाली. दूरचित्रवाणीवर त्या विलंबाची नाना कारणे चर्चिली जात असताना मला आजोबांची आठवण होत होती.

ही पुळण जिवंत आहे, याचाही विसर पडू नये. २०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करताना येथे पन्नासहून अधिक जणांना पाकट माशांनी डंख मारले होते, तेव्हा सारे शहर आश्चर्याने थक्क झाले. वस्तुतः उथळ, गढूळ पाण्यात वाळूला चिकटून राहणे हा त्या माशाचा स्वभाव, आणि पायाखाली आल्यावर शेपटीचा काटा उगारणे हा त्याचा बचाव. अलीकडे, २०१७ पासून, 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी ओहोटीच्या वेळी सामान्य नागरिकांना मुंबईच्या किनाऱ्यांवर नेऊन तेथले जीव दाखवतात. मुंबईत जन्मलेल्या मुलाने आपल्या समुद्रातला खेकडा प्रथम ताटात न पाहता वाळूत पाहावा, यासाठी कोणी झटत आहे याचे मला मोठे समाधान वाटते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे मी पुतणीला घेऊन निघालो. वाडी झोपेत होती. चर्नी रोडचा पूल ओलांडून आम्ही वाळूवर उतरलो तेव्हा उजाडायचे होते. पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास, म्हणून सकाळी सहाच्या आत-बाहेर पूर्ण सुकती, तीही उधाणातली; पाणी इतके मागे गेले होते, की नेहमी जेथे लाटा फुटतात तेथून पुढे कितीतरी अंतरापर्यंत ओलसर, आरशासारखी चकचकीत जमीन उघडी पडली होती. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे आमच्या पाठीशी शहरावर तांबडे फुटत असताना समोर मलबार हिलच्या माथ्यावर तो मावळत होता, आणि त्याचा फिका प्रकाश त्या ओल्या वाळूवर पसरला होता. मग टेकडीवरच्या उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांना ऊन लागले आणि हळूहळू खाली उतरत गेले. आम्ही उभे होतो ती पुळण मात्र शहराच्या सावलीत होती. पुतणी एकदम खाली वाकली. वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांच्या नक्ष्या पसरल्या होत्या, आणि प्रत्येक नक्षीच्या मध्यभागी एक भोक होते. इवलासा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले अन्न काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. भरती आली, की त्याचे सारे काम पुसले जाते आणि पुढच्या सुकतीला तो नव्याने आरंभ करतो. अर्धा तास ती तेथून हलली नाही. दूरवर दोन-तीन माणसे फिरत होती, विल्सन कॉलेजच्या बाजूला कोणी सूर्यनमस्कार घालत होते; त्याच वाळूवर, ज्यावर संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते.

आठाच्या सुमारास पाणी खेकड्यांच्या नक्ष्यांपर्यंत आले. परतताना तिने मला पाऊणपटीचे गणित पुन्हा एकदा सांगायला लावले आणि घरी येऊन दिनदर्शिकेवरच्या तिथ्यांवर ते ताडून पाहिले. मी तिला सावध केले, की रोजचा पाऊण तास सर्वत्र तोच असला, तरी आरंभाची वेळ प्रत्येक किनाऱ्याची निराळी असते; आपल्याकडची बाराची भरती तिकडच्या किनाऱ्याला लागू पडणार नाही.

महिन्याभराने तिचा फोन आला. मोहेरच्या कड्यांजवळच लहिंच नावाची वाळूची पुळण आहे. भरतीला ती जवळजवळ सगळी पाण्याखाली जाते, त्यामुळे भरतीच्या वेळी आलेल्या पुष्कळ लोकांना ती दिसतही नाही. पुतणी तेथे सुकतीला गेली होती. तिकडे पौर्णिमेला भरती पाचच्या सुमारास येते, असे तिने सांगितले. म्हणून पाऊणपट करायची आणि त्यात पाच तास मिळवायचे.